किंडल डायरेक्ट पब्लिशिंग: दोन वर्षं वापरून लिहितेय, मराठी कथा लिहिणाऱ्यांसाठी

मी बार्शीत एका पतसंस्थेत नोकरी करते, एकोणीस वर्षं झाली. दिवसभर दुसऱ्यांच्या ठेवी, हप्ते, व्याज. एखाद्या आजींच्या आरडीत चार रुपयांचा फरक आला तरी आम्ही संध्याकाळी थांबून तो शोधतो, सापडल्याशिवाय घरी जात नाही. आणि रात्री जेवणं आवरली की मी कथा लिहिते. माझं पहिलं पुस्तक 2019 ला आलं आणि त्याच्या किती प्रती विकल्या गेल्या हे मला आजपर्यंत माहीत नाही. हे आधी सांगितलं कारण पुढे किंडलबद्दल, म्हणजे अॅमेझॉनच्या ईबुकांच्या सेवेबद्दल, जे लिहिणार आहे ते मी का लिहितेय हे त्याशिवाय समजायचं नाही.

तर ते पहिलं पुस्तक. एका प्रकाशन संस्थेची जाहिरात बघितली, नवोदितांना संधी वगैरे. नाव घेत नाही. फोन केला, तीन दिवसांत उत्तर आलं की ताई तुमच्या कथा फार आवडल्या, छापूया. मला इतका आनंद झाला होता की मी कोणता विचारच केला नाही. मग पॅकेज आलं, म्हणजे छापायचे पैसे मीच भरायचे. 42,000 रुपये. त्यात 500 प्रती, मुखपृष्ठ, मुद्रितशोधन, प्रकाशन सोहळ्याचे वेगळे, आणि आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, त्याच्या नोंदणीचे 3,000. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, कारण भारतात आयएसबीएन फुकट मिळतो. दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी देते, केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाखाली आहे ती, ऑनलाइन अर्ज करायचा, लेखकाला स्वतःच्या नावानेही करता येतो. मला ते चार वर्षांनी कळलं.

मला 100 प्रती मिळाल्या. उरलेल्या 400 "वितरणात" गेल्या. दोन वर्षांनी हिशोब विचारला तर म्हणाले ताई कोविड झाला, मराठी पुस्तकं आता कोण घेतंय, गठ्ठे तसेच पडून आहेत. मी म्हटलं मग ते गठ्ठे मला द्या, मी नेते. त्यावर फोन घेणंच बंद झालं.

मग 2022 ला मावसबहिणीच्या मुलीच्या लग्नाला एका तालुक्याच्या गावी गेले होते. हळद संध्याकाळी होती, दुपारी करण्यासारखं काही नव्हतं म्हणून तिथल्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसले. कथासंग्रहांच्या कपाटात वरून दुसऱ्या फळीवर माझं पुस्तक. खाकी कव्हर घातलेलं, पाठीवर नंबर चिकटवलेला, आत पहिल्या पानावर वाचनालयाचा गोल शिक्का आणि दाखल क्रमांक. शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी असते ना, तिच्यावर अकरा तारखा होत्या. अकरा वेळा कोणीतरी ते घरी नेलं होतं. एका तारखेनंतर दुसरी तारीख चारच दिवसांनी होती, म्हणजे एकाने परत केलं आणि लगेच दुसऱ्याने नेलं. मी उभ्या उभ्या रडले. ग्रंथपाल काकांनी पाणी आणून दिलं, त्यांना वाटलं उन्हाने चक्कर आली.

म्हणजे पुस्तक विकलं गेलं होतं. महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं दहा हजारांच्या वर आहेत आणि वितरकांकडून तिथे पुस्तकं गठ्ठ्याने जातात. मराठी पुस्तकाचा मोठा आधार ही ग्रंथालयंच आहेत, दुकानात पुस्तक दिसत नाही म्हणजे ते खपत नाही असं अजिबात नाही. पण लेखकाला हे दिसत नाही. आपल्याकडे दहा टक्के रॉयल्टी म्हणतात, 200 रुपयांच्या पुस्तकाला 20 रुपये, ते 20 मिळोत न मिळोत, किती प्रती गेल्या हे तरी कळावं ना. नीट करार करून वर्षाच्या वर्षाला हिशोब पाठवणारे प्रकाशकही मराठीत आहेत, माझ्या एका लेखक मैत्रिणीला दर वर्षी पत्र येतं, हे मी स्वतः बघितलंय. माझ्या वाट्याला तसा आला नाही एवढंच.

वकील मैत्रिणीला सगळं दाखवलं. तिचा पहिला प्रश्न, करार कुठाय? करार नव्हताच, फक्त पैसे भरल्याची पावती. ती म्हणाली मग उलट बरं आहे. कॉपीराइट कायदा 1957 चा, त्याचं कलम 19 बघ. लेखकाने हक्क दुसऱ्याला दिले हे लेखी आणि सहीनिशी असावं लागतं, नसेल तर हक्क दिलेच नाहीत. आणि लेखी असलं पण मुदत लिहिलेली नसली तर पाचच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसला तर फक्त भारत. लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे कलम एकदा वाचावं, दीड पान आहे. म्हणजे माझ्या कथा माझ्याच होत्या. तेव्हा ठरवलं की त्या मी स्वतः काढणार.

इथून किंडल सुरू.

अॅमेझॉनने किंडलवर मराठी पुस्तकं 2016 च्या शेवटी सुरू केली, हिंदी, तमिळ, गुजराती, मल्याळमबरोबर. केडीपी म्हणजे लेखकाने स्वतः पुस्तक चढवायची सोय. पैसे लागत नाहीत, एक रुपयासुद्धा नाही. वाचणाऱ्याला किंडलचं वेगळं यंत्र लागतंच असंही नाही, फोनवर अॅप टाकलं की झालं, माझे नव्वद टक्के ओळखीचे वाचक फोनवरच वाचतात.

पण चढवायच्या आधी माझा जीव काढला तो फॉन्टने. हे मराठीवाल्यांचंच दुखणं आहे म्हणून जरा सविस्तर सांगते. माझं पुस्तक डीटीपीवाल्याकडे श्रीलिपी या छपाईच्या फॉन्टमध्ये बसवलेलं. छपाईला ते झकास दिसतं, पण ती अक्षरं युनिकोड, म्हणजे कोणत्याही फोन-संगणकावर नीट दिसणारी, नाहीत, त्यामुळे ती फाईल तशीच किंडलला दिली तर वाचणाऱ्याला नुसत्या खुणा दिसतील. मग अशी अक्षरं युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढली. वरवर बघितलं तर छान मराठी दिसली. नीट वाचायला घेतली तर "पायऱ्या"चं "पायर्या" झालेलं, "दुसऱ्या"चं "दुसर्या", "बिचाऱ्या"चं "बिचार्या". आणि माझी एक अख्खी कथा वऱ्हाडाच्या बसमध्ये घडते, त्यात "वऱ्हाड" हा शब्द पानापानावर, सगळीकडे "वर्हाड". तो आडवा र, ज्याला आपण चंद्रकोरीसारखा काढतो, तो कुठेच नाही, त्याच्या जागी रफार. शोधा आणि बदला करून काही सुधारले, पण "सूर्या", "आचार्या" हे शब्द तिथे रफारानेच बरोबर असतात, सरसकट बदलले तर तेही बिघडतात. ऱ्हस्व-दीर्घाचे घोळ वेगळेच. शेवटी सगळं बाजूला ठेवलं आणि अकराच्या अकरा कथा फोनवर मराठी कीबोर्डने पुन्हा टाईप केल्या. चार महिने लागले. पण त्यात एक फायदा झाला की कथा पुन्हा हाताखालून गेल्या, दोन शेवट मी बदलले, एका कथेतलं जास्तीचं पात्र काढून टाकलं.

त्यामुळे माझं पहिलं सांगणं हे की आज लिहायला बसत असाल तर पहिल्या ओळीपासून युनिकोडमध्येच लिहा. आणि छपाईसाठी कोणाला फाईल दिली तरी आपली युनिकोड वर्ड फाईल स्वतःकडे जपून ठेवा, मेल करून ठेवा स्वतःला.

चढवणं सोपं आहे, माझा भाचा शेजारी बसला होता पण त्याला काही फार करावं लागलं नाही. साईट इंग्रजीत आहे, मराठीतून नाही, ज्यांना इंग्रजी फॉर्मची भीती वाटते त्यांनी कोणाला तरी सोबत घ्या. बँकेचा खाते क्रमांक आणि आयएफएससी. मग टॅक्स इंटरव्ह्यू, म्हणजे आपल्या करासंबंधीचे प्रश्न, असा एक भाग येतो, त्यात पॅन टाकायचा, आपण अमेरिकेचे नागरिक नाही असं सांगायचं. इथे घाबरून बरेच जण थांबतात. थांबू नका. पॅन नीट टाकला की अमेरिकेतल्या विक्रीवरची करकपात 30 टक्क्यांऐवजी 15 टक्क्यांवर येते, भारत-अमेरिका करारामुळे. पुस्तक एआयने लिहिलंय का हेही विचारतात आता, खरं काय ते सांगायचं. आयएसबीएन ईबुकला सक्तीचा नाही, ते त्यांचा स्वतःचा नंबर देतात. मुखपृष्ठाला 2560 बाय 1600 पिक्सेलचा आकार चांगला दिसतो असं तेच सांगतात. शोधशब्दांच्या सात चौकटी असतात, त्यात मी इंग्रजी अक्षरांत मराठी शब्द टाकले, मराठी स्टोरीज, ग्रामीण कथा असे, कारण आपली माणसं मराठी पुस्तकसुद्धा रोमन अक्षरांत टाईप करून शोधतात, मी स्वतः तसंच शोधते.

72 तास लागू शकतात असं लिहिलेलं असतं. माझं दुसऱ्या दिवशी दुपारी दिसायला लागलं. 2023 ची दिवाळी होती, वसुबारस. काउंटरवर गर्दी, मी टेबलाखाली फोन धरून स्वतःच्या पुस्तकाचं पान बघत होते.

आता पैशाचं. रॉयल्टीचे दोन पर्याय, 35 टक्के आणि 70 टक्के. भारतातल्या विक्रीवर 70 टक्के हवे असतील तर केडीपी सिलेक्ट नावाच्या योजनेत पुस्तक घालावं लागतं. त्याची अट पुढे सांगते, ती महत्त्वाची आहे. मी 99 रुपये किंमत ठेवली. कर जाऊन, फाईलच्या साइजप्रमाणे थोडं कापून, माझ्या हातात एका प्रतीमागे साठच्या आसपास पडतात. छापील 200 च्या पुस्तकाला 20, इथे 99 च्या पुस्तकाला साठ, हे गणित मी पहिल्यांदा मांडलं तेव्हा दोनदा तपासलं.

पैसे महिना संपल्यावर साधारण 60 दिवसांनी येतात. नोव्हेंबरचे जानेवारीच्या शेवटी. थेट खात्यात, अमुक इतके साठल्याशिवाय देणार नाही असं काही नाही. पहिले आले ते 706 रुपये. मी पासबुक भरून घेतलं. रोज शेकडो पासबुकं भरते मी, पण त्या एका ओळीवरून बोट फिरवलं. कथा लिहायला लागून चौदा वर्षं झाली होती आणि कथेचे पैसे म्हणून बँकेत जमा झालेली ती पहिली रक्कम. दिवाळी अंकांनी मानधन दिलं होतं तीन-चार वेळा, त्याची किंमत मला कमी नाही. 1909 ला का. र. मित्रांनी "मनोरंजन"चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी कथा त्या अंकांवरच वाढली, आजही नवीन कथाकाराला संपादकाच्या नजरेखालून जायला त्याच्यासारखी जागा नाही. पण मानधन एकदाच येतं. इथे जुनी कथा पुन्हा पुन्हा थोडंथोडं देत राहते.

पहिल्या वर्षाचे सगळे मिळून 6,300 च्या आसपास झाले, दुसऱ्या वर्षी त्याहून जरा जास्त. नोकरी सोडण्यासारखे नाहीत आणि तसं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण लाईटबिल निघतं आणि मुख्य म्हणजे प्रत्येक रुपया कुठून आला ते दिसतं.

आणि हेच मला या सेवेबद्दल खरं सांगायचंय. हिशोब. रिपोर्टचं पान उघडलं की कालपर्यंत किती प्रती गेल्या, कोणत्या देशातून, किती पानं वाचली गेली, सगळं. मागायला लागत नाही, ताई कोविड झाला ऐकायला लागत नाही. किंडल अनलिमिटेड म्हणून वर्गणीची योजना आहे, त्यात वाचक पुस्तक विकत न घेता वाचतो आणि लेखकाला वाचलेल्या पानांवर पैसे मिळतात. महिन्याचा एक एकत्र निधी असतो, त्यातून पानांप्रमाणे वाटणी, दर महिन्याला दर बदलतो, पानामागे काही पैसेच पडतात. रक्कम छोटी आहे पण तो पानांचा आलेख बघा. माझं पुस्तक त्यांच्या मोजणीत 212 पानांचं आहे. जानेवारीतल्या एका मंगळवारी आलेखात 212 आलं. सोमवारी शून्य, बुधवारी शून्य, मंगळवारी बरोबर 212. कोणीतरी, कुठेतरी, बहुतेक एका बैठकीत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं होतं. मला नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. वाचनालयातली ती अकरा तारखांची चिठ्ठी आठवली. फरक इतकाच की ही चिठ्ठी मला घरबसल्या दिसली आणि हिच्यापोटी थोडे का होईना पैसेही आले.

परदेशातले वाचक हा वेगळा आनंद. अमेरिकेच्या खात्यात मधूनच एक प्रत दिसते, एकदा ब्रिटनची दिसली. छापील पुस्तक तिकडे पाठवायचं तर टपालखर्च पुस्तकापेक्षा जास्त होतो, इथे मंगळवेढ्याच्या जोंधळ्याची गोष्ट न्यू जर्सीतल्या कोणाच्या फोनवर दोन मिनिटांत पोचते.

आता अट. सिलेक्टमध्ये पुस्तक घातलं की 90 दिवस तो मजकूर डिजिटल रूपात दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही. विकायलाही नाही आणि फुकटही नाही. 90 दिवस संपले की आपोआप पुढचे 90 सुरू होतात, नको असेल तर स्वतः जाऊन ती खूण काढावी लागते. छापील पुस्तकाला ही अट नाही, ते कुठेही विका. ही अट लिहिलेली असते, लपवलेली नाही, पण "सत्तर टक्के" वाचल्यावर पुढचं वाचायचं राहून जातं. नीट वाचून घ्या.

मला ती जड गेली ती प्रतिलिपीमुळे, म्हणजे फोनवर कथा लिहायच्या-वाचायच्या अॅपमुळे. मी तिथे 2020 पासून लिहीत होते, लॉकडाऊनमध्ये सुरू केलं. बंगळुरूची कंपनी आहे, 2014 पासूनची, मराठीसकट बारा भारतीय भाषांत चालते. वाचक तिथे पटकन मिळतात, हे शंभर टक्के खरं. रात्री नऊला भाग टाकला की साडेनऊला कमेंट, ताई पुढचा भाग कधी. माझी एक भागांची कथा होती, आत्या आणि तिच्या कुलूप लावलेल्या खोलीची, चौदा भाग, तिला जेवढे वाचक मिळाले तेवढे माझ्या बाकी सगळ्या लिखाणाला मिळून नाहीत. तिथला वाचक बहुतेक बायका, घरचं आवरून रात्री वाचणाऱ्या, आणि त्या पात्रांशी भांडतात, सुनेची बाजू घेतात, आत्याला शिव्या देतात. असला वाचक मिळणं म्हणजे भाग्य आहे. लांबलचक मालिका, प्रेमकथा, भयकथा तिथे जोरात चालतात, छोटी एकसलग कथा तितकी नाही, हा माझा अनुभव. तिथेही वर्गणीतून वगैरे लेखकांना पैसे मिळतात, ज्यांच्या मालिका मोठ्या आहेत त्यांना बरे मिळतात असं ऐकते, मी त्या वाटेला गेले नाही म्हणून त्याबद्दल जास्त बोलत नाही.

तर किंडलसाठी मला संग्रहातल्या सहा कथा तिथून काढाव्या लागल्या, आत्याचीसुद्धा. काढायच्या आधी दोन आठवडे मी तिथे लिहून सांगितलं होतं, तरी एका बाईंचा मेसेज आला की ताई माझा अकरावा भाग चालू होता हो, आता मी कुठे वाचू. मी त्यांना किंडलचं सांगितलं. त्या म्हणाल्या अॅमेझॉनचं खातं मुलाच्या नावाने आहे, त्याला कसं मागू पुस्तकाला पैसे. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी शेवटी त्यांना छापील प्रत पोस्टाने पाठवली.

सिलेक्टमध्ये 90 दिवसांतून पाच दिवस पुस्तक फुकट ठेवता येतं. मी 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाच्या निमित्ताने दोन दिवस ठेवलं. चारशेच्या वर लोकांनी उतरवून घेतलं आणि अभिप्राय आले तीन. फुकट घेतलेलं बहुतेक न वाचता फोनमध्ये पडून राहतं असं माझं मत झालंय. पण त्यानंतर दोन-तीन आठवडे पानांचा आलेख वर होता, म्हणून वर्षातून एकदा करायला हरकत नाही. रोज उठून फुकट ठेवू नका.

वाचक आणून द्यायचं काम केडीपी करत नाही, हे स्पष्ट समजून घ्या. ते दुकान आहे, फळी तुमची, पण गिऱ्हाईक रस्त्यावरून हाक मारून तुम्हालाच आणायचं. पहिल्या महिन्यात अकरा प्रती गेल्या त्यातले आठ माझ्या ओळखीचे. मग मी काय केलं तर दर रविवारी एका कथेचा पहिला परिच्छेद व्हॉट्सअॅपवर टाकायला लागले, फक्त एकच परिच्छेद, खाली लिंक. पुस्तकाचं सुरुवातीचं दहा टक्के कोणालाही फुकट वाचता येतं, म्हणून तुमची सगळ्यात चांगली कथा पहिली ठेवा. मी आधी सगळ्यात जुनी कथा पहिली ठेवली होती, नंतर क्रम बदलून वऱ्हाडाची बस पुढे आणली, आणि ही सोय छापील पुस्तकात नाही, इथे फाईल बदलून पुन्हा चढवता येते. तसंच एक चुकलेलं नाव सापडलं, चौथ्या कथेत शांताबाईची मध्येच शारदाबाई झाली होती, तेही दुरुस्त केलं.

छापीलचं थोडक्यात सांगते. घरातली मोठी माणसं, गावाकडचे लोक, शाळेतले सर, हे सगळे विचारतातच की "पुस्तक" आहे का, फोनमधलं त्यांना पुस्तक वाटत नाही आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. म्हणून यावर्षी 200 प्रती पुण्यात डिजिटल प्रेसकडून काढून घेतल्या, आयएसबीएन स्वतः अर्ज करून फुकट घेतला. पोस्टाची जुनी बुकपोस्टची सोय बंद झाल्यावर सगळेच हवालदिल झाले होते, पण मे 2025 पासून ज्ञान पोस्ट सुरू झालंय, 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपयांपासून आणि पाच किलोला 100 रुपये, वर कर. माझं पुस्तक 240 ग्रॅम भरतं. प्रेसवाल्याला कागद निवडतानाच मी सांगितलं होतं की 300 च्या आत बसवा. यूपीआयने पैसे येतात, दुपारच्या सुट्टीत पोस्टात जाऊन टाकून येते. 140 गेल्या, प्रत्येकाचं नाव वहीत आहे.

आणि ज्यांचं पहिलं पुस्तक अजून यायचंय त्यांच्यासाठी एक, पॅकेजला हो म्हणायच्या आधी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना बघा. पहिल्या पुस्तकासाठीच आहे ती. तज्ज्ञ हस्तलिखित वाचतात, वेळ लागतो, पण वाचतात. माझं पहिलं पुस्तक पॅकेजमध्ये गेलं आणि ती वाट माझ्यापुरती बंद झाली, याची हळहळ मला 42,000 पेक्षा जास्त आहे. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांमध्येही प्रथम प्रकाशनाचे वेगळे पुरस्कार असतात, पस्तिशीच्या आतल्यांसाठी साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार आहे, 50,000 रुपयांचा. आणि कोणीही प्रकाशक तुमच्याकडेच पैसे मागत असेल तर निदान एवढं लेखी घ्या, किती प्रती छापणार, किती मला, उरलेल्या कुठे ठेवणार, हिशोब कोणत्या महिन्यात देणार. हे चार प्रश्न विचारल्यावर जो चिडतो त्याला पैसे देऊ नका.

केडीपीला मी पाचपैकी चार देते. एक कापला तो सिलेक्टच्या अटीसाठी, कारण मराठीत लिहिणाऱ्याला वाचक आधीच विखुरलेले आहेत, कोणी प्रतिलिपीवर, कोणी किंडलवर, कोणी वाचनालयात, आणि सत्तर टक्क्यांसाठी त्यातल्या एका गटाला दार लावायला लागतं. कोणी घ्यावं? ज्यांच्याकडे पुस्तकभर कथा तयार आहेत, हक्क स्वतःकडे आहेत, युनिकोड फाईल आहे आणि स्वतः चार लोकांना सांगायची लाज वाटत नाही त्यांनी आजच चढवावं. ज्यांची अजून पाच-सहाच कथा झाल्यात त्यांनी आधी दिवाळी अंकांकडे पाठवाव्यात, प्रतिलिपीवर लिहावं, वाचक काय बोलतो ते ऐकावं.

माझ्या पुस्तकाचे चालू 90 दिवस पुढच्या महिन्याच्या 9 तारखेला संपतायत. आपोआप पुढे जायची खूण मी काल काढून टाकली. रॉयल्टी 35 वर येईल, अनलिमिटेडमधली पानं थांबतील, ते माहीत आहे. 10 तारखेला रात्री नऊ वाजता आत्याची कथा प्रतिलिपीवर परत चढवतेय, सगळे चौदा भाग एकदम. अकराव्या भागावर अडकलेल्या त्या बाईंना मेसेज करून ठेवलाय.